देहूच्या घाटावरचे महासीर आणि ‘मासे भरपूर आहेत’ हे उत्तर



देहूला इंद्रायणीच्या घाटावर मुलांना घेऊन गेलात, की त्यांना पहिली ओढ असते माशांची. पाण्यात मूठभर चुरमुरे पडले, की मोठ्या खवल्यांचे, जाड ओठांचे मासे वर येतात. हा महासीर. घाटावर त्याला कोणी धरत नाही, देवाचा मासा मानतात. मूल विचारतं, “हे मासे संपणार नाहीत ना?” आणि आपण पाण्याकडे बघून सांगून टाकतो, “अरे, भरपूर आहेत की!”

आजचा पाठ या उत्तरावर आहे. मासे किती आहेत हा एक प्रश्न झाला. ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं, दुसऱ्याचं दिसत नाही. पण रोगाची साथ आली, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कामाला येतं.

पाचवीच्या परिसर अभ्यासात संसर्गजन्य रोग आणि रोगप्रतिबंध येतो. आनुवंशिकता नीट येते ती थेट नववीत. मधल्या वर्षांत मुलांच्या डोक्यात एक समज पक्का बसतो, तो म्हणजे ‘प्रतिकारशक्ती म्हणजे ताकद’. दूध प्या, सुकामेवा खा, ताकद वाढते, मग आजार होत नाही. आहाराचं महत्त्व आहेच, पण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी ताकदीची नाही, ओळखण्याची आहे. शत्रू ओळखताच आला नाही तर पैलवानसुद्धा काय करणार?

चाकण पट्ट्यातल्या पोरांना एक शब्द घरातूनच माहीत असतो, फिक्स्चर. मशीनवर किंवा तपासणीच्या टेबलावर पार्ट हलू नये म्हणून तो ज्यात बसवतात, ते फिक्स्चर. एका पार्टसाठी बनवलेलं फिक्स्चर दुसऱ्या आकाराच्या पार्टला चालत नाही. ज्यांचे वडील शॉप फ्लोअरवर आहेत ती मुलं हे आपल्यालाच समजावून सांगतात. मी या पाठात हाच शब्द वापरते.

आपल्या शरीरातल्या पेशीत प्रथिनांचे सतत बारीक तुकडे होत असतात. पेशी त्यातले काही तुकडे एकेका फिक्स्चरमध्ये बसवून बाहेरच्या पृष्ठभागावर आणून ठेवते. बाहेर टी-पेशी नावाचे इन्स्पेक्टर फिरत असतात. तुकडा आपल्याच प्रथिनाचा असेल तर इन्स्पेक्टर पुढे जातो. विषाणूचा निघाला तर ती पेशी रिजेक्ट, तिला मारून टाकलं जातं, म्हणजे विषाणू आतल्या आत वाढत नाही. दुसऱ्या जातीची फिक्स्चर वेगळं काम करतात. बाहेरून गिळलेल्या जंतूंचे तुकडे ती दाखवतात आणि बाकीच्या यंत्रणेला, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींनाही, कामाला लावतात.

या फिक्स्चरचे आराखडे ज्या जनुकांत असतात त्यांना एमएचसी जनुकं म्हणतात. माणसातल्या त्याच जनुकांना एचएलए म्हणतात. हे नाव ब्लड कॅन्सरच्या उपचारात ज्यांच्या घरी ऐकलं गेलंय त्यांना ओळखीचं वाटेल. त्याकडे पुढे येऊ.

आता मुख्य मुद्दा. ज्या तुकड्याला साजेसं फिक्स्चर पेशीकडे नाही, तो तुकडा बाहेर येतच नाही. इन्स्पेक्टर कितीही हुशार असला तरी टेबलावर न आलेला पार्ट तो तपासणार कसा? म्हणून एकाच जनुकाचे वेगवेगळे प्रकार असणं इतकं मोलाचं. प्रत्येक प्राण्याला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती वेगळ्या असतील तर दोन तऱ्हेची फिक्स्चर, सारख्या असतील तर एकाच तऱ्हेची. एका जिवाकडे सगळे आकार कधीच नसतात. ते असतात सगळ्या कळपात मिळून. त्यामुळे नवा जंतू आला, की काही जण आजारी पडतात, काही वाचतात, आणि वाचलेल्यांकडून कळप पुन्हा उभा राहतो. सगळ्यांकडे तीच दोन-तीन फिक्स्चर असतील आणि जंतू नेमका त्यातून निसटणारा निघाला, तर मागे कोणी उरत नाही.

माशांच्या बाबतीत हे ज्या थोड्या जातींवर खूप खोलात जाऊन तपासलं गेलं, त्यात रेनबो ट्राउट आहे. हा मासा आपल्याकडचा नाही. त्याचं मूळ घर उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा आणि रशियाचा कामचाटका. त्याला थंड, वाहतं, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. इंग्रजांच्या काळात ट्राउट भारतात आले, आणि आजही तुम्हाला ते काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड ठिकाणीच दिसतील. आपल्या पवनेत किंवा इंद्रायणीत तो उन्हाळा काढणार नाही. पण कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर १८७० च्या दशकात मासेपैदास सुरू झाली, आणि तिथून आणि नंतर इतर ठिकाणांहून त्याची अंडी जगभर गेली. आज अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात हा मासा आहे. म्हणजे माणसाने हाताने अंडी काढून, हाताने मिसळून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला मासा. त्यामुळे त्याच्या प्रतिकार जनुकांची विविधता टिकली की घटली, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणं साहजिक होतं.

त्यातली एक गंमत वर्गात सांगण्यासारखी आहे. माणसात दोन्ही जातींच्या फिक्स्चरची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली असतात, त्यामुळे बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. ट्राउट आणि त्याच्यासारख्या हाडांच्या माशांत ती वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. म्हणून पिल्लांत त्यांच्या जोड्या नव्याने जुळू शकतात. पत्ते दोन वेगळ्या गठ्ठ्यांत पिसल्यासारखं. (आणि हो, ट्राउटला लसही देतात. पिल्लं लसीच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढतात. लसीकरणाचा धडा शिकवताना ही माहिती दिली, की वर्ग जागा होतो.)

विविधतेने खरंच फरक पडतो का? मॅक्लाउड नदीचं पाणी ज्या सॅक्रामेंटो नदीला जातं, तिथे चिनूक नावाचा सॅमन मासा आहे. त्याची हिवाळ्यात नदीत शिरणारी जात धोक्यात आहे, कारण शास्ता धरणाने तिच्या अंडी घालण्याच्या जुन्या जागा बंद केल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या माशांच्या पिल्लांना मुद्दाम एका विषाणूची लागण केली. ज्या पिल्लांकडे एमएचसीच्या दोन वेगळ्या प्रती होत्या, ती दोन सारख्या प्रती असलेल्यांपेक्षा जास्त संख्येने जगली.

दुसरा अभ्यास २००८ चा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. अटलांटिक सॅमनच्या दोन गटांची तुलना होती. एका गटाच्या आईबापांनी नदीत आपापले जोडीदार स्वतः निवडले होते, दुसऱ्या गटाच्या आईबापांची जोडी माणसांनी पैदास केंद्रात लावली होती. दोन्ही गटांची पिल्लं समुद्रात जाऊन मोठी होऊन परतली, तेव्हा त्यांच्या अंगातले परजीवी कृमी मोजले. माणसांनी जोड्या लावलेल्या गटात कृमी सापडण्याची शक्यता जवळजवळ चौपट निघाली. आता थांबून पुढचं वाक्य वाचा. दोन्ही गटांत एमएचसीचे प्रकार साधारण तेवढेच होते. फरक होता तो जोड्यांमध्ये. स्वतः जोडीदार निवडलेल्यांच्या पिल्लांकडच्या दोन प्रती एकमेकींपासून जास्त वेगळ्या होत्या. म्हणजे मासा आपल्यापेक्षा वेगळा जोडीदार निवडत असावा, आणि ही निवड आपण त्याच्याकडून काढून घेतो तेव्हा काहीतरी हरवतं, जे नुसते मासे मोजून कळत नाही.

ट्राउट-सॅमनकडून आता परत आपल्या नदीवर येऊ, कारण अंडी हाताने मिसळून मासे वाढवण्याचं काम इंद्रायणीच्या उगमापाशीही होतं.

आपला दख्खनी महासीर विज्ञानात नोंदला गेला तो पुण्यातूनच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं, त्यात मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन आहे. १८३९ पासून त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द आहे, आणि तो इथल्या मराठी बोलणाऱ्या लोकांच्या तोंडचा आहे. वर्गात हे सांगा. पुण्याजवळच्या नदीकाठी कोणीतरी साहेबाला माशाचं नाव सांगितलं आणि ते जगाच्या पुस्तकात बसलं!

लोणावळ्याला, जिथे इंद्रायणीची सुरुवात आहे, तिथे टाटांची वीजनिर्मितीसाठीची धरणं आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे वळवणला महासीरचं पैदास केंद्र चालतं. तलावातले मोठे मासे पावसाळ्यात धरायचे, मादीच्या पोटावर हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचं पाणी मिसळायचं, आणि अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. लाखोंनी पिल्लं तयार झाली आणि देशभरातल्या नद्या-तलावांत गेली. धोक्यात असलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हा मासा पूर्वी ‘संकटग्रस्त’ होता, आता ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे. पन्नास वर्षं चिकाटीने केलेलं हे काम आहे आणि मुलांना ते अभिमानाने सांगावं असंच आहे.

पण पाठाचा मुद्दा सोडायचा नाही. लाखो पिल्लं म्हटलं, की पुढचा प्रश्न यायला हवा तो आईबाप किती होते हा. इथे सातवी-आठवीच्या मुलांना एक छान गणित देता येतं. मासा एकाच वेळी हजारो अंडी देतो आणि एका नराचं वीर्य अनेक माद्यांना पुरतं. समजा एखाद्या केंद्राने ५० माद्या घेतल्या, पण नर दोनच वापरले. एकूण आईबाप ५२. पण आनुवंशिकतेच्या हिशेबात हे ५२ भरत नाहीत, कारण पुढच्या पिढीच्या निम्म्या प्रती त्या दोन नरांकडूनच येतात. याचं सूत्र असं: नर गुणिले माद्या, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. म्हणजे ४ × २ × ५० = ४००, भागिले ५२, उत्तर सुमारे ८. पन्नासहून अधिक मासे वापरले आणि हिशेबात धरायचे फक्त आठ! तेच २६ नर आणि २६ माद्या घेतल्या तर उत्तर पूर्ण ५२ येतं. माशांची संख्या तीच, पण उत्तर सहापटींहून जास्त.

या उत्तराची दुप्पट करून एकाला तिने भागलं, की एका पिढीत विविधता किती घटते याचा अंदाज येतो. आठसाठी एक-सोळांश, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. बावन्नसाठी एक टक्क्याहूनही कमी. एका पिढीत सहा टक्के हे थोडं वाटेल. दहा पिढ्या तसंच चालू ठेवा आणि मुलांना कॅल्क्युलेटर द्या. जवळजवळ निम्मी विविधता गेलेली दिसेल, आणि घाटावर मासे मात्र पहिल्याइतकेच दिसत असतील.

म्हणून चांगल्या पैदास केंद्रात नर-माद्यांची संख्या सारखी ठेवतात, दर वर्षी वेगळे मासे धरतात, सगळ्या नरांचं वीर्य एका भांड्यात एकत्र ओतत नाहीत (तसं केलं तर एखादाच जोमदार नर बाजी मारून जातो). महासीरचं वीर्य गोठवून साठवण्याच्या पद्धतीही आपल्या देशात तयार झाल्या आहेत, म्हणजे दूरच्या किंवा जुन्या नराचा वाटाही मिळू शकतो.

संख्येच्या नादात काय होतं याचं एक उदाहरण कावेरीत आहे. लोणावळ्याचा दख्खनी महासीर तिथे सोडला गेला. कावेरीत मुळात पाठीवर कुबड असलेला, खूप मोठा होणारा वेगळा महासीर होता. पुढच्या काळात पाहुणा वाढत गेला आणि कुबडवाला घटत गेला. त्याची नेमकी शास्त्रीय ओळख पटेपर्यंत २०१८ उजाडलं, आणि तोपर्यंत तो अतिसंकटग्रस्त यादीत जाण्याच्या टोकाला पोचला होता. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही आहेतच, सगळा दोष पाहुण्यावर टाकू नका. पण नदीत सोडणाऱ्यांच्या लेखी दोन्ही ‘महासीर’च होते. एका नदीतल्या माशांची प्रतिकार जनुकं त्या नदीतल्या जंतूंसोबत हजारो वर्षं घासून तयार झालेली असतात. ती गेली, की दुसऱ्या नदीचा मासा आणून भरून निघत नाहीत.

या पाठात एक घोटाळा होऊ शकतो. ‘जनुकं चांगली असतील तर मासे वाचतील’ असं मुलांनी लिहून घेतलं, तर आपण चुकीचं शिकवलं. आळंदीला इंद्रायणीवर येणारा पांढरा फेस सगळ्यांनी पाहिलाय, निदान टीव्हीवर तरी. तळवडे, चिखली, मोशीच्या बाजूने आणि पलीकडून जे सांडपाणी नदीत येतं, त्याने पाण्यातला ऑक्सिजन संपला, तर मासा गुदमरून मरतो. तिथे कोणतंच फिक्स्चर उपयोगाचं नाही. गुदमरण्याला प्रतिकारशक्ती नसते. पण याची दुसरी बाजूही आहे. घाण पाण्यात अर्धवट जगणारा मासा ताणाखाली असतो, आणि ताणाखालचा मासा साध्या जंतूलाही बळी पडतो. वर एका दणक्यात निम्मे मासे मेले, तर उरलेल्यांतून काही दुर्मीळ प्रकार कायमचे गेलेले असतात. पुढे पाणी स्वच्छ झालं, मासे पुन्हा वाढले, तरी ते प्रकार परत येत नाहीत. घाटावरून बघणाऱ्याला मात्र सगळं पूर्ववत वाटतं.

पुस्तकांत या विषयावर बहुतेक वेळा चित्त्याचं उदाहरण येतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नात्यात नसलेल्या चित्त्यांनी एकमेकांच्या कातडीचे तुकडे परके न मानता स्वीकारले, इतके ते सारखे होते. कुनोमुळे मुलांना चित्ता माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. पण मी तरी महासीरच घेते. चित्ता दूर आहे, इंद्रायणी आपल्या घराजवळून वाहते.

आता वर्गातला खेळ. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून कार्डं करा आणि त्यावर आठ आकार काढा: गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी वगैरे. वर्गाची दोन तळी करा. पहिल्या तळ्यात आठही आकारांची कार्डं मिसळून प्रत्येकाला दोन द्या. दुसऱ्या तळ्यात फक्त गोल आणि चौकोन. मग डब्यातून चिठ्ठी काढा, चिठ्ठीवर आकार. तो आकार ज्याच्याकडे आहे त्याने तो जंतू ‘पकडला’, तो उभा राहतो. बाकीचे बसतात. चौकोन निघाला की दुसरं तळं जल्लोष करतं, कारण त्यांचे जास्त जण उभे राहतात. हा जल्लोष होऊ द्या, त्यावर लगेच काही बोलू नका. मग चांदणी निघते आणि अख्खं तळं खाली बसतं. मुलं गप्प होतात, आणि तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

आमच्या वर्गात चौथ्या फेरीनंतर एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग सगळ्यांना चांगलंच कार्ड द्या ना!” हा प्रश्न तुमच्याकडेही येईल, येऊ द्यायलाच हवा. मी तिला म्हटलं, “सांग बघू, चांगलं कोणतं?” तिने चांदणी म्हटलं. पुढची चिठ्ठी त्रिकोणाची निघाली. ‘चांगलं जनुक’ नावाची वस्तू पालकांच्या बोलण्यातही असते. ‘आमच्या घराण्यात आजारपण नाही’, ‘यांचं रक्तच कमकुवत’ वगैरे. कोणतं कार्ड चांगलं हे पुढची चिठ्ठी ठरवते, आणि चिठ्ठी आधी कोणालाच दिसत नाही.

पालकांसाठी याच कार्डांचा एक वेगळा उपयोग आहे. एका मुलाला बाबा करा, त्याच्याकडे गोल आणि चौकोन. एका मुलीला आई करा, तिच्याकडे चांदणी आणि त्रिकोण. प्रत्येक बाळाला दोघांकडून एकेक कार्ड द्यायचं. चारच जोड्या बनतात: गोल-चांदणी, गोल-त्रिकोण, चौकोन-चांदणी, चौकोन-त्रिकोण. माणसात ही जनुकं शेजारीशेजारी एकत्र जातात हे वर आलंच आहे, म्हणून हा साधा हिशेब बराचसा खरा ठरतो. सख्ख्या बहीण-भावाचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ब्लड कॅन्सर किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला बोनमॅरो द्यायचा तर हे जुळावं लागतं. घरात जुळलं नाही तर परका दाता शोधावा लागतो, आणि तो सहसा रुग्णाच्याच समाजगटात, प्रदेशात सापडण्याची शक्यता जास्त. जी विविधता साथीच्या वेळी सगळ्यांना वाचवते, तीच इथे एकट्या रुग्णाला अवघड जाते. आपल्या वर्गात मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची, उत्तर प्रदेशातली मुलं एका बाकावर बसतात. दात्यांच्या नोंदणीत अशा सगळ्या घरांतली माणसं असतील तेव्हाच कोणाचं तरी जुळतं. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना देणं पुरतं. पालकसभेत मी हे सांगते तेव्हा दोन-तीन हात तरी वर येतात.

देहूला सहल नेणार असाल तर मुलांना वहीत तीन गोष्टी लिहून आणायला सांगा. मासे अंदाजे किती दिसले, पाण्याला वास होता का, आणि घाटावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, पूर्वी इथे आणखी कोणते मासे दिसायचे. तिसऱ्या प्रश्नाला वेळ जास्त ठेवा. चुरमुरे मूठभरच न्या, पिशवी परत घेऊन या.